लिंक्डइनवर धंद्याच्या ओळखी कशा जोडाव्यात: छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवणाऱ्याला विचारा, लिंक्डइनवर आहात का? "खातं आहे हो, पण तिथून कामं येत नाहीत," असं उत्तर मिळतं. मग खातं उघडून दाखवायला सांगा. फोटोच्या जागी कंपनीचा लोगो, दोन व्हीएमसींची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनची) चित्रं, आणि शंभर परचेस मॅनेजरांना गेलेला एकच मेसेज: 'वी आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर ऑफ प्रिसिजन कंपोनंट्स, काइंडली सेंड युवर इन्क्वायरी.'

परचेसवाल्याच्या खुर्चीत बसून बघा. नवीन व्हेंडर घ्यायचा म्हणजे सँपल, इन्स्पेक्शन, ऑडिट, व्हेंडर कोड, आणि पहिला लॉट रिजेक्ट झाला तर साहेबांची बोलणी. अनोळखी मेसेजसाठी एवढा व्याप कोण करेल?

मी जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवून देतो. लिंक्डइनवरून माझ्याकडे आलेली आणि टिकलेली कामं जवळजवळ सगळी अशा लोकांमुळे आली, ज्यांना मी आधी कधीतरी कशाला तरी उपयोगी पडलो होतो. बरेचदा त्यांच्याकडून थेट नाही, तर त्यांच्या ओळखीतून. म्हणून हा लेख 'आधी द्या' या बाजूचा आहे. पण द्यायलाही पद्धत लागते. ती नसेल तर वेळ जातो आणि लोक फुकट कोटेशनं काढून घेऊन जातात.

## सुरुवातीला हाताशी काय हवं

- तुमचा स्वतःचा, चेहरा नीट दिसणारा फोटो. शॉपमध्ये उभं राहून मोबाइलवर काढलेला चालतो.
- मशीनची यादी: मेक, टेबलचा आकार किंवा लेथवर जास्तीत जास्त किती व्यास बसतो, आणि तुम्ही रोजच्या रोज धरता तो टॉलरन्स (मापात चालणारा फरक). वर्षातून एकदा जमलेला नको.
- मोजमापाच्या साधनांची यादी, कॅलिब्रेशनच्या तारखांसह.
- उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक, जीएसटी क्रमांक, आयएसओ असेल तर सर्टिफिकेट. हे प्रोफाइलवर टाकायचं नाही, विचारलं की लगेच पाठवता यावं म्हणून.
- ज्या जॉबचे फोटो दाखवणार, त्या पार्टीची (गिऱ्हाईक कंपनीची) लेखी परवानगी.
- एक वही किंवा एक्सेल शीट. कशासाठी ते शेवटच्या पायरीत येईल.

पैसे भरून प्रीमियम घ्यायची सुरुवातीला गरज नाही. खाली लिहिलेलं सगळं फुकट खात्यावर होतं.

## १. प्रोफाइल: तुमच्यासाठी नाही, शोधणाऱ्यासाठी

नावाखालच्या ओळीत, म्हणजे हेडलाइनमध्ये, २२० अक्षरं बसतात. बहुतेक लोक तिथे 'प्रोप्रायटर' किंवा 'डायरेक्टर' लिहून थांबतात. पण शोधणारा 'डायरेक्टर' शोधत नाही. तो '४ अ‍ॅक्सिस व्हीएमसी पुणे', 'स्टेनलेस स्टील टर्निंग', 'छोटे लॉट' असं काहीतरी शोधतो. त्यामुळे हेडलाइन अशी असावी: 'स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमचे टर्न-मिल पार्ट्स, ५० ते २००० नगांचे लॉट, भोसरी, पुणे.' लॉटचा आकार मुद्दाम लिहा. लाखभर नगांची चौकशी घेऊन येणाऱ्याचाही वेळ वाचतो, तुमचाही.

'अबाउट' मध्ये तीन गोष्टी पुरेत: काय करता, काय करत नाही, आणि कुठल्या बाबतीत लोकांनी तुम्हाला बिनधास्त विचारावं. दुसरी आणि तिसरी गोष्ट फारसं कुणी लिहीत नाही. 'हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग आम्ही करत नाही, पण चांगलं करणारे माहीत आहेत' हे वाक्य माझ्या प्रोफाइलवर आहे आणि मेसेज करणारे सगळ्यात जास्त त्याचाच उल्लेख करतात.

'लीडिंग', 'वर्ल्ड क्लास', 'वन स्टॉप सोल्यूशन' हे शब्द काढून टाका. सगळ्यांच्याच प्रोफाइलवर आहेत, त्यामुळे ते कुणी वाचत नाही.

## २. ओळखी कुठून सुरू करायच्या

मोठ्या कंपनीच्या परचेस हेडपासून नको. आधी ज्यांना तुम्ही फोनवर रोज बोलता त्यांना जोडा: हीट ट्रीटमेंटवाले, झिंक प्लेटिंगवाले, मटेरियल देणारे, गेज बनवणारे, इन्सर्ट (मशीनला लावायची कापणारी टोकं) विकायला येणारा सेल्स इंजिनिअर. यातला सेल्स इंजिनिअर तर हवाच. तो दिवसाला चार-पाच शॉप फिरतो, कुणाचं मशीन रिकामं आहे आणि कुणाला काम आवरत नाही हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

मग तुमच्या पॉलिटेक्निकच्या किंवा कॉलेजच्या पानावर जा. तिथे माजी विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो. कोण कुठल्या शहरात आहे, कुठल्या कंपनीत आहे, कुठल्या प्रकारचं काम करतो, अशी चाळणी लावता येते. शेवटच्या बाकावरचा कुणीतरी आज सप्लायर क्वालिटीत आहे, कुणी जर्मनीत डिझाइनला आहे, हे तिथे सापडतं. वीस वर्षं बोलणं नसलं तरी एक वर्ग, एक वर्कशॉप, त्याच जर्नलच्या फायली एवढं पुरतं.

जवळच्या मित्रांपेक्षा अशा लांबच्या ओळखी जास्त कामाला येतात, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं. कारण सोपं आहे: जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच सुमारे २ कोटी लोकांच्या माहितीवर मोठा अभ्यास झाला. त्यातही नोकरी बदलताना अगदी घट्ट ओळखींपेक्षा थोड्या सैल ओळखींचा उपयोग जास्त दिसला. तो अभ्यास नोकरीचा होता, ऑर्डरचा नाही. पण शॉपवरचा माझा अनुभव त्याच दिशेचा आहे.

## ३. विनंतीबरोबर दोन ओळी

कोरी विनंती पाठवू नका. फुकट खात्यात महिन्याला मोजक्याच विनंत्यांना मजकूर जोडता येतो आणि अक्षरांचीही मर्यादा असते. म्हणून तो कुणासाठी वापरायचा ते ठरवा. ओळखीच्या माणसाला नुसती विनंती चालते, अनोळखी माणसाला दोन ओळी हव्यात.

चालणारा मजकूर (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, टॅपिंग म्हणजे भोकात आटे पाडणं): 'नमस्कार सर, एसएसच्या टॅपिंगबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं. आमच्याकडे भोसरीत तेच काम चालतं. तुमचं लिखाण वाचत राहता यावं म्हणून विनंती.'

न चालणारा: यातच 'कंपनी प्रोफाइल जोडलं आहे, काही रिक्वायरमेंट असल्यास कळवा.'

एका आठवड्यात किती विनंत्या पाठवता येतात यालाही मर्यादा आहे. ढिगाने पाठवल्या आणि लोकांनी 'या माणसाला ओळखत नाही' असं कळवलं तर खात्यावर बंधन येऊ शकतं. पाठवलेली विनंती मागे घेतली तर त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवडे थांबावं लागतं. त्यामुळे घाई नको.

विनंती स्वीकारली की त्याच मिनिटाला कॅटलॉग पाठवायचा मोह होतो. तेवढं टाळलंत तरी निम्म्या लोकांपेक्षा तुम्ही वेगळे दिसाल.

## ४. पहिले काही आठवडे फक्त उत्तरं द्या

स्वतःची पोस्ट टाकायच्या आधी दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. मशीनिंग, टूलिंग, क्वालिटी या विषयांवर लोक सतत अडचणी मांडत असतात. खालची 'ग्रेट पोस्ट सर', 'व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह' ही गर्दी मोजू नका. खरं उत्तर देणारे त्यात दोन-तीनच असतात.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. कुणीतरी लिहितं: 'एसएस ३०४ मध्ये एम ६ चे टॅप सारखे तुटतायत, काय करावं?' खाली बहुतेक जण एखाद्या ब्रँडचं नाव टाकतात. उपयोगी उत्तर असं असतं:

'टॅपच्या आधी ड्रिल बघा. ३०४ हे मटेरियल घासलं की कडक होत जातं. ड्रिलची धार गेली असेल किंवा फीड फार कमी ठेवला असेल तर भोकाची आतली बाजू कडक होते आणि पुढे टॅप तिथेच अडकतो. पेक करताना, म्हणजे ड्रिल टप्प्याटप्प्याने आत-बाहेर नेताना, बुडाशी थांबू देऊ नका. दुसरं, टॅप कटिंगचा (धातू कापून आटे पाडणारा) आहे की फॉर्मिंगचा (दाबून पाडणारा)? कटिंगला ५ एमएमचं भोक बरोबर आहे, फॉर्म टॅपला साधारण ५.५ लागतं. फॉर्म टॅप घेऊन ५ च्याच भोकात घातला तर तो तुटणारच. कूलंट पातळ असेल तर टॅपिंगपुरतं तेल वापरून बघा.'

हे लिहायला दहा मिनिटं लागतात. विचारणाऱ्याचं काम होतं. शिवाय ती चर्चा वाचणारे दुसरे बरेच जण असतात, आणि त्यांना या माणसाने ३०४ मध्ये खरंच काम केलंय हे कळतं. तुमच्या कॅटलॉगची चार पानं हे सांगू शकत नाहीत.

उत्तराच्या शेवटी स्वतःचा मोबाइल नंबर टाकू नका. ज्याला हवं तो नावावर टिचकी मारून प्रोफाइलवर येतो.

आणखी एक छोटी मदत: नवीन धंदा सुरू करणारा कुणी उद्यम नोंदणीसाठी एजंटला पैसे देताना दिसला तर त्याला सांगा की ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे. १ जुलै २०२० पासून चालू आहे आणि आधार क्रमांकावर होते. तुम्हाला यात काही मिळत नाही, त्याचे मात्र पैसे वाचतात.

## ५. जमत नसलेली चौकशी योग्य माणसाकडे पाठवा

माझ्या मते या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच चौकश्या आपल्या कामाच्या नसतात: जॉब मोठा असतो, मटेरियल वेगळं असतं, लॉट फार मोठा किंवा फार लहान असतो. अशा वेळी लोक दोनपैकी एक करतात. उत्तरच देत नाहीत, किंवा 'करून देतो' म्हणून घेतात आणि बाहेर तिसऱ्याकडून करून घेऊन मध्ये वीस टक्के चढवतात. पहिल्यात माणूस दुखावतो. दुसऱ्यात पहिल्या रिजेक्शनला सगळं उघडं पडतं.

नाशिकच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्याने एसजी आयर्नच्या (एका प्रकारच्या ओतीव लोखंडाच्या) बॉडीबद्दल विचारलं होतं. ओतकाम आणि मशीनिंग दोन्ही एकाकडूनच हवं होतं. आमच्याकडे फाउंड्री नाही. कोल्हापूरकडचे एक फाउंड्रीवाले ओळखीचे होते, त्यांच्याकडे मशीन शॉपही आहे. दोघांची गाठ घालून दिली. व्हॉल्व्हवाल्यांनी मला आजवर एकही ऑर्डर दिलेली नाही. पण फाउंड्रीवाले त्यांच्या फिक्स्चरचं (मशीनवर जॉब पकडून ठेवायच्या चौकटीचं) काम तेव्हापासून आमच्याकडे पाठवतात. दिलेलं परत येतं ते असं, भलत्याच दारातून. म्हणून कोण परतफेड करेल याचा हिशेब आधी मांडत बसू नका, तो बरोबर येत नाही.

गाठ घालून देताना हे पाळा:

दोघांनाही आधी स्वतंत्र विचारा. 'अमुक प्रकारची चौकशी आहे, तुमचं नाव देऊ का?' एवढंच. काम करणाऱ्याकडे जागा नसेल तर तो तिथेच नाही म्हणेल, आणि तुमचा शब्द वाया जाणार नाही.

ड्रॉइंग पुढे पाठवू नका, अगदी 'नुसतं बघायला' म्हणूनसुद्धा. ड्रॉइंग ज्याचं आहे त्यानेच पाठवावं. तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असेल तर हा नुसता शिष्टाचार नाही, कायद्याचा मामला आहे.

जे माहीत आहे तेवढंच सांगा. 'त्यांचं ओतकाम चांगलं आहे, डिलिव्हरीचं मला माहीत नाही' हे पूर्ण वाक्य आहे. 'डोळे झाकून द्या' असं कुणाहीबद्दल म्हणू नका.

कमिशन घेणार असाल तर दोघांसमोर स्पष्ट सांगा. मी घेत नाही. घेण्यात चूक काही नाही, पण मग ती दलाली झाली. तिलाही धंद्यात जागा आहे, फक्त उपकाराच्या नावाखाली करू नका. लपवलेलं कमिशन एमआयडीसीत फार दिवस लपत नाही.

आणि महिन्याभराने दोघांना विचारा, काय झालं? बहुतेक लोक हे विसरतात.

## ६. शिफारस लिहून द्या, मागू नका

लिंक्डइनवर थेट ओळखीतल्या माणसासाठी शिफारस लिहिता येते. त्याने मान्य केली की ती त्याच्या प्रोफाइलवर दिसते. तुमच्या प्लेटिंगवाल्याला, गेजवाल्याला, नोकरी सोडून स्वतःचं टाकलेल्या जुन्या सुपरवायझरला, न मागता लिहून द्या. 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' नको. एक प्रसंग लिहा: 'दिवाळीच्या आदल्या दिवशी रात्री लॉट परत करावा लागला, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने प्लेटिंग करून स्वतः घेऊन आले.' नवीन गिऱ्हाईक असं वाक्य वाचून फोन करतं.

खोटी शिफारस कुणाच्याही आग्रहाने लिहू नका. तिच्याखाली तुमचं नाव राहतं.

## ७. स्वतः काय लिहायचं

आठवड्याला एक पोस्ट पुष्कळ झाली. शॉपवर सुटलेली एखादी अडचण, एखादं फिक्स्चर कसं बांधलं, दोन इन्सर्टमधला फरक. मराठीत लिहिलं तरी चालतं. चाकणपासून शिरोलीपर्यंत मराठी वाचणारे भरपूर आहेत. बाहेरच्या राज्यातल्या पार्टीसाठी खाली चार ओळी इंग्रजीत टाका.

सापळा फोटोचा. पार्टीच्या जॉबचा फोटो परवानगीशिवाय टाकू नका. पार्ट नंबर, ड्रॉइंगचा कोपरा, मागच्या पेटीवरचं कंपनीचं लेबल, स्क्रीनवरचं प्रोग्रॅमचं नाव, सगळं झूम करून वाचता येतं. स्पर्धक वाचतात आणि पार्टीचे परचेसवालेही वाचतात. स्क्रॅपच्या तुकड्यावर दाखवलेली युक्ती तेवढीच उपयोगी असते.

सणांच्या शुभेच्छांची लोगोवाली चित्रं टाकायची हौस असेल तर टाका. त्यातून ओळख वाढत नाही.

## ८. मागायची वेळ आली की

द्यायचंच आणि मागायचं कधीच नाही, असं करून धंदा चालत नाही. मशीन रिकामं असेल तर सांगावं. फक्त नेमकं मागावं, आणि समोरच्याला 'नाही' म्हणायला वाट ठेवावी.

'नमस्कार मॅडम, पुढच्या महिन्यापासून आमची एक ४ अ‍ॅक्सिस व्हीएमसी दुसऱ्या पाळीत मोकळी आहे. अ‍ॅल्युमिनियमचे ३०० एमएमच्या आतले जॉब, १०० ते ५०० नग असतील तर आम्हाला बसतात. तुमच्याकडे असं काम नसेल तर हरकत नाही. ओळखीत कुणाला गरज असेल तर कळवा.'

'आधी तुम्हाला मदत केली होती' याचा उल्लेख मेसेजमध्ये चुकूनही नको. त्यांना आठवत असेल तर आठवतंय. करून दाखवलेल्या मदतीचं बिल पाठवलं की ती मदत उरत नाही.

## ९. कुठे थांबायचं

उदार माणूस लवकर हेरला जातो. काही ठरलेले प्रकार आहेत.

फुकट कॉस्टिंग: ड्रॉइंग पाठवून सविस्तर ब्रेकअप मागतात, मग तोच कागद जुन्या व्हेंडरसमोर धरून भाव पाडतात. पहिल्या वेळी फक्त अंदाजे पट्टा सांगा. सविस्तर कोटेशन मागितलं तर वर्षाला किती नग, सध्या कोण करतं, बदलायचं कारण काय, हे तीन प्रश्न विचारा. खरं काम असेल तर उत्तरं येतात.

फुकट सँपल: एक-दोन छोटे तुकडे ठीक. डाय किंवा फिक्स्चर लागत असेल तर त्याचे पैसे आधी घ्या, ऑर्डर आली की बिलात वजा करून द्या.

सल्ला: कमेंटमध्ये, सगळ्यांना दिसेल असा, फुकट. तोच माणूस तिसऱ्यांदा रात्री फोन करून सेटिंग विचारू लागला तर दिवसाचा दर सांगा. नातं बिघडत नाही, बरेचदा सुधारतं.

आणि सरळ फसवणूक. मोठ्या कंपनीच्या नावाचं प्रोफाइल, मोठी ऑर्डर, आणि त्याआधी 'व्हेंडर रजिस्ट्रेशन फी' किंवा 'टेंडर डिपॉझिट'. चौकशीच्या टप्प्यावर कुणी असे पैसे मागत असेल तर आधी कंपनीच्या मुख्य नंबरवर फोन करून खात्री करा, तोवर एक रुपयाही भरू नका. जीएसटी क्रमांक मागा, सरकारी पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का बघा. क्रमांक १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. मेलचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे का तेही बघा. मध्येच 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल मटेरियलवाल्याच्या नावाने आला तर जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड.

## १०. वही आणि वेळ

दिवसाला वीस मिनिटं पुरतात. सकाळी शॉप सुरू व्हायच्या आधी किंवा जेवणाच्या सुट्टीत. नोटिफिकेशन बंद ठेवा, नाहीतर वीस मिनिटांचे दोन तास होतात.

वहीत चार रकाने करा: कोण, कशी ओळख, मी काय केलं, पुढे काय झालं. तिसरा रकाना उपकार मोजायला नाही. कुणाशी शेवटचं कधी आणि कशावर बोललो ते आठवायला आहे. सहा महिन्यांनी मेसेज करताना 'त्या सीलिंग फेसचं पुढे काय झालं?' असं विचारता आलं तर गप्पा तिथूनच सुरू होतात.

मार्चमध्ये परचेसवाल्यांना नवीन काम विचारू नका. वर्षअखेरीच्या गडबडीत ते फोनही उचलत नाहीत. एप्रिलचा दुसरा आठवडा बरा. तोपर्यंत वही चाळा, आणि ज्यांच्या नावापुढचा चौथा रकाना रिकामा आहे त्यांना नुसती खुशाली विचारा.